तालुक्याच्या बँकेला भांडवल किती लागतं? कोकण किनाऱ्यावरचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या संचालकांनी विचारलं आहे: "आमच्या ठेवी २०० कोटींच्या पुढे आहेत आणि थकबाकी कमी आहे. तरी रिझर्व्ह बँक १२ टक्के भांडवल ठेवा म्हणते. एवढा पैसा अडकवून ठेवण्यापेक्षा आंबा-काजूवाल्यांना कर्ज दिलं तर गावाचं भलं होणार नाही का? आणि १२ टक्के पुरेसं असेल तर काही जाणकार त्याहून जास्त का मागतात?"

आधी 'अडकवून ठेवणं' या शब्दाचा गुंता सोडवू. 'भांडवल ठेवा' म्हटलं की तिजोरीत कुलूप लावून ठेवलेली रक्कम डोळ्यांसमोर येते. ती गोष्ट सीआरआर (रोख राखीव प्रमाण) आणि एसएलआर (वैधानिक तरलता प्रमाण) यांची. तो पैसा खरोखर बाजूला ठेवावा लागतो, रोख शिल्लक म्हणून किंवा सरकारी रोख्यांत. भांडवल ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला असतं. तुमच्या कर्जांत गुंतलेल्या पैशापैकी किती पैसा सभासदांचा आणि गंगाजळीचा आणि किती ठेवीदारांचा, एवढंच ते सांगतं. भागभांडवलाचा रुपयासुद्धा काजूच्या कारखान्याला कर्ज म्हणून जातोच. फरक कर्ज बुडाल्यावर दिसतो. ठेवीदाराचा रुपया परत द्यावाच लागतो, भांडवलाचा रुपया तोटा सोसू शकतो.

नियम थोडक्यात असे. ठेवी १०० कोटींपर्यंत असलेल्या, तसंच एकाच शाखेच्या आणि पगारदारांच्या नागरी बँका पहिल्या स्तरात येतात. त्यांना जोखीमभारित मालमत्तेच्या (प्रत्येक मालमत्तेची रक्कम तिच्या जोखमीच्या टक्केवारीने गुणून येणारी बेरीज) ९ टक्के भांडवल पुरतं. १०० ते १,००० कोटींच्या दुसऱ्या स्तराला आणि त्यावरच्या दोन्ही स्तरांना १२ टक्के. डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकानुसार हा आकडा टप्प्याटप्प्याने गाठायचा होता: मार्च २०२४ ला १०, मार्च २०२५ ला ११, मार्च २०२६ ला १२. व्यापारी बँकांना ९ टक्के आणि वर २.५ टक्क्यांचं राखीव कवच, म्हणजे ११.५. मग छोट्या सहकारी बँकेला जास्त का? कारण तिच्यामागे शेअर बाजार नाही, सरकारी मालक नाही आणि धंदा एक-दोन तालुक्यांत एकवटलेला असतो. माझ्या मते हा अर्धा टक्का योग्यच आहे, उलट किनारपट्टीवर तो कमी पडतो. एक सावधगिरी: बँकेचा 'स्तर' आणि भांडवलाचा 'टिअर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्तर बँकेच्या आकारावरून ठरतो, टिअर भांडवलाच्या प्रतीवरून: टिअर १ पक्कं, टिअर २ दुय्यम. संचालक मंडळाच्या सभेत हा घोळ नेहमी होतो.

आता आकडे मांडू. तुमच्यासारखी एक नमुना बँक घेऊ, सगळ्या रकमा कोटींत.

देणी: भागभांडवल ६, मुक्त राखीव निधी ७, गुंतवणूक चढउतार निधी (रोख्यांच्या किमती घटल्या तर वापरायचा) १, उत्तम कर्जांवरची सर्वसाधारण तरतूद (संभाव्य बुडीतासाठी नफ्यातून आधीच बाजूला काढलेली रक्कम) ०.५०, ठेवी २०५, इतर देणी ४.५०. एकूण २२४.

येणी: रोख आणि सीआरआरची शिल्लक १०, इतर बँकांतल्या ठेवी २४, सरकारी रोखे ५०, कर्जे १३०, इमारत-फर्निचर वगैरे १०. एकूण २२४.

प्रत्येक मालमत्तेला जोखीमभार लावायचा. रोख रकमेला शून्य. इतर बँकांतल्या ठेवींना २० टक्के, म्हणजे ४.८०. सरकारी रोख्यांना २.५ टक्के, म्हणजे १.२५. इमारत-फर्निचरला १०० टक्के, म्हणजे १०. कर्जांत मुदत ठेवीच्या तारणावर दिलेल्या १० कोटींना शून्य. एक लाखापर्यंतच्या सोनेतारणाच्या १६ कोटींना ५० टक्के, म्हणजे ८. तीस लाखांपर्यंतच्या, पुरेसं मार्जिन असलेल्या घरकर्जांच्या २४ कोटींना ५० टक्के, म्हणजे १२. दुकानदारांची कॅश क्रेडिट, काजू, हॉटेल, ट्रॉलर अशा ७० कोटींना १०० टक्के, म्हणजे ७०. वैयक्तिक कर्जांच्या १० कोटींना १२५ टक्के, म्हणजे १२.५०. बेरीज ११८.५५ कोटी.

भांडवल: टिअर १ मध्ये भागभांडवल आणि मुक्त निधी मिळून १३, टिअर २ मध्ये चढउतार निधी आणि सर्वसाधारण तरतूद मिळून १.५०. एकूण १४.५०. भागिले ११८.५५, म्हणजे १२.२ टक्के. या प्रमाणालाच सीआरएआर म्हणतात. परीक्षेत पास. पण जोखीमभार बाजूला ठेवून १३ कोटींना २२४ कोटींनी भागा. उत्तर येतं ५.८. बँकेच्या दर शंभर रुपयांत सभासदांचे आणि गंगाजळीचे मिळून सहासुद्धा नाहीत. हा दुसरा आकडा दर तिमाहीला पहिल्याच्या शेजारी लिहा, कारण त्याला जोखीमभाराच्या तक्त्याची मदत मिळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. जोखीमभाराचा तक्ता एकेका कर्जाकडे बघतो. एकाच नदीच्या काठावरच्या चाळीस कर्जांकडे तो एकत्र बघत नाही. हार्डवेअरचं दुकान, कापडाचं दुकान, औषधांचा घाऊक विक्रेता, तिघांनाही १०० टक्के, जणू तिघांचं नशीब वेगवेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तिघांचाही माल एकाच पहाटे भिजला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्याने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, घरांची छपरं आणि पर्यटनाचे निवारे एकाच दुपारी पाडले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, ऐन आंबा काढणीच्या दिवसांत. मोठ्या बँकेचं नागपुरातलं कर्ज चिपळूणच्या पुराने बुडत नाही. तुमच्या बँकेला नागपूर नाही.

म्हणून भांडवल किती हवं, हे तक्त्यावरून न ठरवता आपल्या बाजारपेठेवरून ठरवा. पद्धत अशी. ७० कोटींच्या धंद्याच्या कर्जांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तारण कुठे आहे ते लिहा: पूररेषेच्या आत, खाडीकाठी, बंदरावर की वरच्या अंगाला. समजा ४० कोटी एकाच बाजारपेठेत निघाले आणि पुरानंतर त्यांतले १६ कोटी ९० दिवसांपलीकडे थकले.

पहिलं वर्ष. बँकेचा तरतुदीपूर्वीचा नफा नेहमी २.२० कोटी असतो असं धरू. थकलेल्या १६ कोटींवरचं ११ टक्क्यांनी होणारं १.७६ कोटी व्याज आता उत्पन्नात धरता येत नाही. सबस्टँडर्ड कर्जावर (थकलेल्या कर्जाचा पहिला वर्ग) १० टक्के तरतूद, म्हणजे १.६०. हातात राहतो १.१६ कोटींचा तोटा. सीआरएआर ११.४ वर येतो.

दुसरं वर्ष. ६ कोटींची खाती सावरली, १० कोटींची वर्षभर थकलेलीच राहून संशयित वर्गात गेली. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. संशयित कर्जाच्या सुरक्षित भागावर पहिल्या वर्षी २० टक्के तरतूद लागते, पण तारणाबाहेर उघड्या पडलेल्या भागावर सरळ १०० टक्के. कॅश क्रेडिटचं तारण म्हणजे दुकानातला माल, आणि माल तर वाहून गेलेला. १० पैकी ६ कोटींना इमारतीचं तारण उरलं असेल तर १.२०, बाकी ४ कोटींवर पूर्ण ४, मिळून ५.२० तरतूद हवी. आधीची १.६० वजा केली तरी ३.६० नवी. शिवाय १.१० कोटी व्याज बुडालं. दुसऱ्या वर्षीचा तोटा २.५० कोटी. टिअर १ आता ९.३४, टिअर २ धरून १०.८४, आणि तरतूद वजा जाता जोखीमभारित मालमत्ता ११३.३५. सीआरएआर ९.६ टक्के.

१ एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या ते चौथ्या स्तरातल्या नागरी बँकांना तत्पर सुधारणात्मक कारवाईची चौकट लागू आहे. किमान मर्यादेच्या खाली अडीच टक्क्यांपर्यंत घसरलात की पहिली पायरी, चारपर्यंत दुसरी, त्याहून खाली तिसरी. सलग दोन वर्षं तोटा झाला तरी चौकट लागू होते. आपली नमुना बँक २.४ टक्के खाली आहे आणि दोन वर्षं तोट्यातही आहे. आता लाभांशावर बंधन येणार. म्हणजे नवे भाग घ्यायला सभासद पुढे येणार नाहीत. शिवाय ज्या दुकानदारांना पुन्हा उभं राहायला नवं कर्ज हवं, त्यांना द्यायला बँकेकडे जागाच उरत नाही. 'भांडवल ठेवण्यापेक्षा कर्ज दिलं तर गावाचं भलं' हा तुमचा मुद्दा इथे उलटा पडतो. गावाला कर्जाची सगळ्यात जास्त गरज पुराच्या दुसऱ्या महिन्यात असते, आणि ते देण्याची ताकद आदल्या पाच वर्षांत साठवावी लागते.

हा धक्का सोसूनही १२ च्या वर राहायचं असेल तर सुरुवातीला किती हवं? आकडेमोड उलटी केली की २.७६ कोटी जास्त लागतात, म्हणजे सीआरएआर १४.६. त्याच वर्षी थ्रिप्स किडीने आंब्याचा मोहोर गेला किंवा बंदरावरची काही खाती थकली, तर त्यासाठी आणखी एक कोटी धरा. आकडा येतो १५.४. म्हणून माझं उत्तर: किनारपट्टीवरच्या, एक-दोन तालुक्यांत एकवटलेल्या बँकेने १५ ते १६ टक्के धरून चालावं, आणि जोखीमभाराशिवायचं साधं प्रमाण ७ टक्क्यांच्या वर ठेवावं.

याची किंमत किती? ३.७६ कोटी ठेवींऐवजी भागांतून उभे केले आणि त्यांवर १० टक्के लाभांश दिला असं धरू. लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून जातो. कर सुमारे २५ टक्के धरला तर त्या १० साठी १३.३ टक्के कमवावे लागतात. ठेवीला ७ टक्के पडतात. फरक ६.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे २४ लाख. १३० कोटींच्या कर्जांवर वाटले तर शंभर रुपयांमागे १८ पैसे. 'जास्त भांडवलाने कर्ज महागतं' या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते एवढंच आहे. हीच रक्कम नफा राखून उभी केली तर लाभांशही द्यावा लागत नाही. गंगाजळीइतकं स्वस्त आणि टिकाऊ भांडवल दुसरं नाही.

विम्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिने वरचा, तारणाबाहेर पडलेल्या ४ कोटींचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. दुकानाच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पूर-जलमय होण्याचं संरक्षण, ज्याला एसटीएफआय म्हणतात, ते आहे का हे प्रत्येक नूतनीकरणाला बघा. हप्ता कमी करायला ते कधीकधी वगळलेलं असतं आणि शाखेत फक्त 'पॉलिसी आहे' अशी टिकमार्क होते. विम्याची रक्कम स्टॉक स्टेटमेंटच्या कमाल मालाएवढी हवी. पावसाळ्यात गोदामात गणपतीचा माल भरलेला असतो, तो मार्चच्या आकड्यात दिसत नाही. पॉलिसीवर बँकेचं नाव हवं. आपत्तीनंतर कर्जाचं पुनर्गठन करण्याची सवलत मिळते, ती जरूर घ्या. तिने हप्ते पुढे जातात, पण वाहून गेलेला माल परत येत नाही.

आता भाजक (जोखीमभारित मालमत्ता) सोडून अंशाकडे, म्हणजे भांडवलाकडे वळू, कारण भांडवलाचा आकडा थकबाकीच्या आकड्याइतकाच खरा असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होणारं नवे-जुने तुम्हाला माहीत आहे: जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि एप्रिलमध्ये तेवढंच किंवा थोडं जास्त नवं द्यायचं. प्रत्येक नव्या-जुन्यात न केलेली तरतूद भांडवलात फुगवटा म्हणून बसते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा तिच्या अहवालात भांडवल १२ टक्क्यांच्या वर होतं. आणि कर्जांपैकी सुमारे ७० टक्के एकाच बांधकाम समूहाकडे होती, खोट्या खात्यांमागे लपवलेली. असं काही घडत असेल तर १२ ऐवजी २० ची अट घालूनही ठेवीदार वाचत नाही. वाचवते ती तपासणी, आणि पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा.

सहकारी बँकेत भागभांडवलाचीही एक खास खोट आहे. आपल्याकडे भाग बहुतेक वेळा कर्जासोबत घेतले जातात: तारणी कर्जावर अडीच टक्के, विनातारणीवर पाच. चाळीस लाखांच्या कर्जावर एक लाखाचे भाग, तेही कर्जाच्या रकमेतूनच कापलेले. म्हणजे बँकेने स्वतःच दिलेला पैसा स्वतःच्या भांडवलात जमा झाला. कर्ज फिटलं की सभासद भाग परत मागतो आणि कर्ज बुडालं की ते भाग कर्जात वळते होतात. गरजेच्या वेळी हे भांडवल पातळ होतं. तुमच्या ६ कोटींपैकी किती भाग चालू कर्जदारांचे आणि किती निव्वळ सभासदांचे, हे एकदा काढून बघा. चालू कर्जदारांचा वाटा तीन चतुर्थांशांच्या वर असेल तर १५ ऐवजी १६ कडे झुका.

इमारतीचं पुनर्मूल्यांकन करून झटपट आकडा वाढवायचा मोह टाळा. रिझर्व्ह बँक तो निधी ५५ टक्के कपात करून टिअर १ मध्ये धरू देते, पण बाजारपेठेतली तीच इमारत पुरात उभी असते. दीर्घ मुदतीच्या गौण ठेवी टिअर २ मध्ये बसतात आणि बँक बुडाली तर इतर ठेवीदारांच्या मागे रांगेत उभ्या राहतात. चालू बँकेचा तोटा मात्र त्या भरून काढत नाहीत.

सरकारी रोख्यांना २.५ टक्के भार आहे म्हणून ५० कोटींकडे दुर्लक्ष नको. रोख्यांची सरासरी सुधारित मुदत (व्याजदर बदलला की किंमत किती हलते हे सांगणारं माप) पाच वर्षं असेल आणि बाजारातला व्याजदर एक टक्क्याने वाढला, तर किंमत अडीच कोटींनी घटते. मुदतीपर्यंत धरलेल्या वर्गात हा तोटा वहीत दिसत नाही. ठेवीदार पैसे काढायला आले आणि रोखे विकावे लागले की दिसतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक अशाच न दिसलेल्या तोट्याने पडली.

शेवटी, १२.२ वरून १५.४ वर जायचं कसं. नेहमीच्या तरतुदी आणि कर वजा जाता बँकेचा निव्वळ नफा अंदाजे १.४२ कोटी. त्यातून १० टक्के लाभांशाला ६० लाख गेले की ८२ लाख उरतात. कर्जांसह सगळा ताळेबंद १२ टक्क्यांनी वाढवलात तर नव्या १५.६० कोटींच्या कर्जांवर भागांतून ३९ लाख येतात. भांडवल १५.७१, जोखीमभारित मालमत्ता १३२.७८, सीआरएआर ११.८. नफा झाला, कर्जवाटप वाढलं, आणि बँक मर्यादेच्या खाली गेली. साधा नियम: दर शंभर रुपये धंद्याच्या कर्जाला १२ रुपये भांडवल लागतं, त्यातले भागांतून अडीच येतात, उरलेले साडेनऊ राखलेल्या नफ्यातूनच यायला हवेत.

तीच वाढ ५ टक्क्यांवर आणि लाभांशही ५ टक्क्यांवर आणलात तर वर्षाला साधारण अर्धा टक्का जमतो. अशाने सहा-सात वर्षं लागतील. त्यामुळे सोबत भागविक्रीची मोहीम हवी. ज्यांच्याकडे कर्ज नाही अशा ३,००० सभासदांनी पाच-पाच हजारांचे भाग घेतले तर दीड कोटी, म्हणजे सव्वा टक्का एकदम. मुंबईकर चाकरमानी गणपतीला गावी येतात, त्या आठवड्यात शाखेत वेगळं टेबल लावा. मात्र हा पैसा ठेव नाही, त्याला विमा नाही आणि तो हवा तेव्हा परत मिळत नाही, हे अर्जावर मोठ्या अक्षरात मराठीत छापा. एका व्यक्तीकडे एकूण भागभांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त भाग जाणार नाहीत हेही बघा.

आणि भांडवल वाढल्यावर एक दार आपोआप उघडतं, ते संचालक मंडळाने आधीच बंद करावं. एका कर्जदाराला टिअर १ च्या १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के ही कर्जमर्यादा आहे. १३ कोटींवर ती १.९५ आणि ३.२५ कोटी होते. टिअर १ हे १६.७६ झालं की एका कर्जदाराची मर्यादा अडीच कोटींच्या पुढे जाते आणि मोठ्या हॉटेलचा प्रस्ताव त्याच महिन्यात टेबलावर येतो. पुरासाठी जमवलेलं कवच एकाच कर्जात संपतं. म्हणून ज्या सभेत १५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठरेल त्याच सभेत दुसरा ठराव घ्या: एका कर्जदाराची कमाल मर्यादा १.९५ कोटींवरच राहील, आणि पूररेषेच्या आतल्या एकूण धंद्याच्या कर्जांची मर्यादा सध्याच्या ४० कोटींवरून तीन वर्षांत ३० कोटींवर येईल.